कोथरूडची भरती-ओहोटी

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळी सहा. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचं फाटक. हजर: सुर्वेकाका आणि सुर्वेकाकू (बी विंग), देशपांडेसाहेब (ए विंग), जोश्यांचं कुटुंब, कुलकर्णी नवराबायको, लेलेवहिनी, मिनीबसचा ड्रायव्हर आणि मी, सोसायटीची सचिव. गैरहजर: आदल्या दिवशी ‘बघतो, जमलं तर’ म्हणालेले सगळे.

हजेरी झाली, बॅगा वर चढल्या, आणि बसच्या पायरीवर पाय ठेवताना सुर्वेकाकांनी घड्याळात बघून जाहीर केलं, “ओहोटी लागली.”

कोणी मान वर केली नाही. आम्हाला सवय आहे.

सुर्वेकाका वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीचशी वर्षं कोकणातल्या एका राखीव किनाऱ्यावर, समुद्री कासवांची घरटी सांभाळण्यात गेली. आता कोथरूडमध्ये असतात. कोथरूडपासून समुद्र चांगला लांब आहे, मध्ये अख्खा घाट आहे, पण काकांना ते मान्य नसावं. लिफ्टमध्ये भेटले तरी ते ‘नमस्कार’ म्हणत नाहीत, ‘भरती चाललीय’ म्हणतात. गेल्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवर वाद रंगात आला असताना हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, “आत्ता पाणी चढायला लागलं.”

“कुठे? मुठेला?” देशपांडेसाहेबांनी विचारलं.

“समुद्राला.”

“मग टाकीच्या खर्चात समुद्राचा वाटा किती धरायचा, तेही सांगून टाका.”

काका शांतपणे खाली बसले. सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

देशपांडेसाहेब बँकेतून निवृत्त झालेत आणि निवृत्तीनंतरचं मुख्य काम म्हणून त्यांनी सुर्वेकाकांना घेतलंय. त्याला कारण आहे. मागच्या उन्हाळ्यात पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये खडी टाकली होती, आणि त्या खडीत टिटवीने अंडी घातली. खडीत अंडी दिसत नाहीत; ती दिसू नयेत अशीच असतात. सुर्वेकाकांना मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून दिसली. खाली उतरून त्यांनी चार विटा लावल्या आणि पिशवीतली नायलॉनची दोरी काढून अर्धं पार्किंग बंद केलं. ही दोरी त्यांच्या पिशवीत कायम असते. भाजीला जातानाही.

त्या रविवारी देशपांडेसाहेबांचे जावई नवीन गाडी घेऊन आले.

“सुर्वे, दोरी काढा. जावई आलाय.”

“टिटवी आधी आली.”

“अहो, जावई आहे माझा!”

“तो अंड्यावर बसणार आहे का? नाही ना? मग गाडी बाहेर लावू दे.”

गाडी बाहेर लागली. टिटवीची पिल्लं निघाली, खडीवरून तुरुतुरु पळाली, आणि मगच दोरी सुटली. त्या दिवशी सोसायटीत काकांनी पेढे वाटले. देशपांडेसाहेबांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “माझ्या नातवाच्या बारशालाही एवढा आनंद झाला नव्हता या माणसाला.”

काकांची आणखी एक खोड म्हणजे पावलं वाचणं. पावसाळ्यात जिन्यावर ओल्या चपलांचे ठसे उमटले की ते वाकून बघत उभे राहतात. कोण आलं, कोण गेलं, कोण घाईत होतं, सगळं सांगतात. एकदा देशपांडेसाहेबांना त्यांनी जिन्यातच थांबवलं. “डावा गुडघा दाखवून घ्या. टाच नीट टेकत नाहीये.” साहेबांनी दोन दिवस सगळ्यांना हा विनोद म्हणून सांगितला आणि तिसऱ्या दिवशी गुडघा दाखवून आले. गोळ्या अजून चालू आहेत. ते मात्र सांगत नाहीत.

आता सुर्वेकाकू. काकू शाळेत गणित शिकवायच्या. मुलांची शिक्षणं इथे, काकूंची नोकरी इथे, म्हणून संसार कोथरूडला आणि काका किनाऱ्यावर, अशी त्यांची वर्षं गेली. कासवं हिवाळ्यात अंडी घालायला लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत पिल्लं निघत राहतात. म्हणजे सणवार, परीक्षा, पाहुणे, दुखणीखुपणी जे काही व्हायचं ते नेमकं याच महिन्यांत व्हायचं आणि काका तिकडे असायचे. या सगळ्या काळात काकू एकदाही त्या किनाऱ्यावर गेल्या नाहीत. कासवांचा विषय निघाला की त्या म्हणायच्या, “माझ्या सवती.”

“मुलगी झाली तेव्हा हे दवाखान्यात आले,” त्यांनी मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. “मोज्यांत वाळू. पहिला प्रश्न काय, तर वजन किती? सांगितलं. तर म्हणाले, ‘वा, बरंच आहे की.’ मला कळेना, बरंच म्हणजे काय! मग लक्षात आलं, हा माणूस माझी मुलगी कासवाच्या पिल्लाशेजारी ठेवून बघतोय.”

म्हणून यंदा सोसायटीच्या सहलीसाठी काकांनी आपला किनारा सुचवला आणि यादीत काकूंनी स्वतःहून नाव दिलं, तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं.

“येते,” काकू म्हणाल्या. “एकदा बघून येते काय असतं एवढं. दिसलं तर दिसलं. पुन्हा काही मी तिकडे जायची नाही.”

त्याच संध्याकाळी काका माझ्या दारात. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे. या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा भरती-ओहोटीशिवाय बोलताना ऐकलं.

“सचिवबाई, दिसलं पाहिजे हो तिला.”

“काका, ते तुम्हालाच ठाऊक. मी फक्त बस ठरवते.”

“तेच ना,” ते म्हणाले. “ते कोणालाच ठाऊक नसतं.”

*

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. काकांनी बजावलंय: “नाव छापलंत तर पुढच्या शनिवारी गाड्यांची रांग लागेल, आणि कासव काही रांगेत उभं राहत नाही.”

दुपारी पोचलो. खाडीवरच्या घरगुती खानावळीत जेवलो आणि उन्हं उतरल्यावर सुरूच्या बनातून किनाऱ्यावर आलो. मी बरेच समुद्र पाहिलेत. भेळेच्या गाड्या असलेले, घोडागाडी असलेले, पॅरासेलिंगवाले. इथे काही नव्हतं. एक दुकान नाही, एक छत्री नाही. वाळू उजवीकडे दिसेनाशी होईपर्यंत आणि डावीकडे दिसेनाशी होईपर्यंत, आणि समोर तो. आमच्या बसमध्ये घाटापासून अखंड बडबड चालू होती. ती बनातून बाहेर पडताच थांबली. जोश्यांच्या मोबाइलमधलं गाणंसुद्धा त्यांनी आपणहून बंद केलं.

वाळूवर एका जागी जाळीचं कुंपण होतं आणि त्याच्या अलीकडे, बघ्यांना थांबवायला, एक दोरी बांधलेली होती. आत बांबूच्या टोपल्या पालथ्या घालून ठेवलेल्या, ओळीने. कुंपणापाशी खाकी गणवेशातली एक मुलगी उभी होती. वनरक्षक रसिका. वय माझ्या पुतणीएवढं असेल.

ती आणि तिचे मोजके सहकारी हा सगळा किनारा सांभाळतात. रोज उजाडताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. मादी रात्री येऊन गेली असेल तर वाळूत तिच्या येण्याजाण्याचा माग असतो, रणगाडा गेल्यासारखा. मागावरून घरटं शोधायचं. कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी पोचायचं. अंडी हातांनी एकेक उचलायची, उचलताना फिरवायची नाहीत, आणि इथे कुंपणात, मादीने खणला होता तेवढाच खोल, तसाच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून त्यात ठेवायची. वर टोपली. मग वाट बघायची. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायची. पिल्लं वर आली असतील तर पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडायची. पाण्यात नेऊन टाकायची नाहीत. ती चालत जातात.

“सुट्टी कधी असते तुम्हाला?” मी विचारलं. हा प्रश्न मी काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारते.

“कासवांना विचारावं लागेल,” ती हसली.

मला आमच्या सोसायटीचे दोन वॉचमन आठवले, आणि त्यांच्या सुट्ट्यांवरून मी घातलेले वाद. एका कुंपणाला आम्हाला दोन माणसं पुरत नाहीत. इथे ही मुलगी अख्ख्या समुद्राला पुरी पडत होती.

सुर्वेकाका तोवर सवयीने थेट कुंपणाच्या आत निघाले होते. मान खाली, पाय फाकवून, जणू काल संध्याकाळीच इथून घरी गेले होते.

“काका!” रसिका ओरडली. “दोरीच्या मागे!”

देशपांडेसाहेबांच्या चेहऱ्यावर जावयाची गाडी बाहेर लागल्यापासूनचं पहिलं निखळ समाधान उमटलं.

“सुर्वे,” ते हळूच म्हणाले, “टिटवी आधी आली वाटतं.”

काका जागच्या जागी थांबले. आपण कोण, काय, हे त्यांनी सांगितलं असतं तर चाललं असतं. त्यांनी सांगितलं नाही. वळले, दोरीखालून वाकून बाहेर आले आणि आमच्यात येऊन उभे राहिले. “बरोबर आहे,” म्हणाले. आणि मला एकटीला, “चांगलं काम करते.”

रसिकाने एकेक टोपली उचलून दाखवली. खाली वाळू. फक्त वाळू.

“दिवस भरलेत काहींचे,” ती म्हणाली. “पण कधी वर येतील सांगता येत नाही. उद्या सकाळी या.”

पदर खोचून काकू बनाकडे चालू लागल्या. काका त्यांच्या मागे चार पावलं अंतर ठेवून.

*

रविवारी सकाळी पुन्हा सगळे दोरीच्या मागे. पुन्हा टोपल्या उचलल्या गेल्या. पुन्हा वाळू.

आमची बस अकराला निघणार होती. तसं मीच ठरवलं होतं, आणि मी ठरवलेली वेळ बदलत नाही. मंडळी परत फिरली. लेलेवहिनी म्हणाल्या की मासे तरी छान होते. कुलकर्णींनी रिकाम्या वाळूचे फोटो काढले. देशपांडेसाहेब काकांजवळ गेले.

“काय हो सुर्वे, तुमची कासवं किरकोळ रजेवर का वैद्यकीय?”

काका पाण्याच्या कडेला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. लाट पायापर्यंत यायची, परत जायची. साहेब थोडा वेळ तिथेच घुटमळले. आपला टोमणा रिकामा गेला की त्यांना करमत नाही. यावेळी मात्र त्यांना बहुधा टोमण्याचंच वाईट वाटलं असावं, कारण परत येऊन ते म्हणाले, “जरा जास्तच झालं का हो?”

मी बॅगा मोजायला निघाले होते. काकू दोरीपाशीच होत्या. वाकून जाळीतून आत बघत होत्या.

“चला काकू, नाश्ता करून निघायचंय.”

“मी नाही येत,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे?”

“ती कोपऱ्यातली टोपली. मघाशी उचलली तेव्हा खालची वाळू बसलेली होती. वाटीसारखी. बाकीच्यांची सपाट आहे. आत पिल्लं अंडी फोडून वर सरकायला लागली की वरची वाळू खचते. आज संध्याकाळी येतील ती. फार तर उद्या सकाळी.”

रसिका काकूंकडे बघत राहिली. “बसलीय खरी,” ती म्हणाली. “मी मुद्दाम बोलले नाही. बोललं आणि नाही आली, की लोक मलाच धरतात. पण काकू, तुम्ही कुठे काम करत होतात?”

“शाळेत. गणित.”

काका केव्हा मागे येऊन उभे राहिले होते ते कोणालाच कळलं नव्हतं.

“तुला काय माहीत वाळू खचते ते?”

“तुम्हीच सांगायचात की. फोनवर.”

“कधी?”

“रोज! आधी भरती-ओहोटी, मग कुठलं घरटं फुटलं, कुठलं बसलं, कुठे कोल्हा आला. मग ‘ठेवतो’. मुलांची चौकशी रविवारी.”

काका दोरीजवळ सरकले. मग म्हणाले, “तू नुसती ‘हं, हं’ करायचीस. मला वाटायचं, फोन बाजूला ठेवून पोळ्या करतेस.”

“पोळ्याच करत होते,” काकू म्हणाल्या. “कानांना काय काम होतं?”

काकांनी नंतर मला सांगितलं ते असं. किनाऱ्यावर तेव्हा रेंज एकाच जागी यायची, सुरूच्या एका झाडाखाली. संध्याकाळी फेरी संपली की ते तिथे जाऊन उभे राहायचे. दिवसभरात माणूस भेटलेला नसायचा. काकू ऐकत नसणार असं धरूनच बोलायचे. “पण बोलल्याशिवाय खोलीवर जाववायचं नाही,” म्हणाले. एवढंच. पुढे लगेच दुसऱ्या विषयावर गेले.

*

मी बस थांबवली. हे वाक्य लिहितानाही मला विचित्र वाटतंय. बस ठरल्याप्रमाणे सोडण्यासाठी माझी ओळख आहे. ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, ओव्हरटाइम लागेल.” मी म्हटलं, “लागू दे.” जोशी म्हणाले, मुलीचा सोमवारी क्लास आहे. आणि तेवढ्यात देशपांडेसाहेब म्हणाले, “मला सोमवारी काय काम आहे? सुर्व्यांना छळायचं. ते इथेच आहेत. मी थांबतो.” मग जोश्यांनीही बॅग परत खाली ठेवली.

उन्हं तिरपी झाली. रसिकाने कोपऱ्यातली टोपली उचलली.

वाळू हलत होती. आधी मला तो डोळ्यांचा भास वाटला. मग वाळूतून एक काळसर, सुपारीएवढं डोकं वर आलं. मग एक वल्ह्यासारखा पाय. मग त्याच्या शेजारी दुसरं, तिसरं, आणि मग सगळी वाळूच उकळल्यासारखी वर यायला लागली. जमीन फुटून जीव बाहेर पडत होते आणि आवाज अजिबात नव्हता. एवढी मोठी गोष्ट इतक्या गुपचूप होते याची मला कल्पनाच नव्हती.

रसिकाने ती घमेल्यात घेतली. मग कोपऱ्यातली लाकडी फळी उचलून आमच्याकडे आली. काल ओरडली होती ती मुलगी आता जरा संकोचून म्हणाली, “सुर्वेसाहेब ना तुम्ही? आमच्या जुन्या लोकांकडून ऐकलंय. वाळू सपाट करून देता?”

माणसाच्या पावलाचा खड्डा म्हणजे पिल्लाला विहीर. म्हणून सोडायच्या आधी पाण्यापर्यंतची वाळू फळीने सारखी करतात. काकांनी फळी घेतली. ते पाण्याच्या कडेपासून सुरू झाले आणि आमच्याकडे पाठ करून, मागे मागे येत, फळी ओढत राहिले. प्रत्येक पावलाबरोबर त्यांचं आधीचं पाऊल पुसलं जात होतं. दोरीशी येईपर्यंत वाळूवर त्यांची एकही खूण उरली नव्हती. मी इतकं नीट काम फार कमी वेळा पाहिलंय. देशपांडेसाहेब माझ्या शेजारी मान उंचावून बघत होते.

पिल्लं सोडली. तळहातावर मावतील अशी. काही लगेच निघाली, काही उलट दिशेला वळली आणि मग आपणच सुलट झाली. पहिल्या लाटेने एकाला उचलून परत मागे आणून टाकलं. ते पुन्हा निघालं. पुन्हा आणून टाकलं. तिसऱ्यांदा पाणी मागे गेलं तेव्हा ते तिथे नव्हतं. समोर सबंध समुद्र, आणि त्यात ते. लेलेवहिनींनी हात जोडले. मीही जोडले असावेत. नंतर बघितलं तर माझ्या हातातली पिशवी वाळूत पडली होती.

“अहो,” काकू म्हणाल्या, “ही एवढीशी?”

“हो.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत, एवढीशी असतात म्हणून.”

“सांगितलं असेल की.”

“नाही. सगळं सांगितलंत. हे नाही सांगितलंत.”

काकूंनी दोरी धरली होती. काकांनीही. शेवटचं पिल्लू गेल्यावरही त्यांनी ती सोडली नाही.

*

बसमध्ये हजेरी घेतली तर दोन कमी. मी परत बनातून गेले. दोघं कुंपणाजवळच्या ओंडक्यावर बसले होते.

“तुम्ही निघा,” काकू म्हणाल्या. “त्या पलीकडच्या दोन टोपल्यांचं बघून येऊ आम्ही. खानावळीच्या बाईंशी बोललेय मी. खोली आहे त्यांच्याकडे.”

मी काकांकडे बघितलं. ते हसू दाबत होते आणि ते त्यांना जमत नव्हतं. “हिला विचारा,” म्हणाले. “मी दोरीच्या मागचा माणूस.”

सोमवारी उजाडायच्या आत आम्ही कोथरूडला पोचलो. बसमधली वाळू झाडून घेतली, ओव्हरटाइम दिला, खानावळीतला चुकून आलेला एक डबा कुरिअर केला, फोटो ग्रुपवर टाकले. सुर्व्यांचा पेपर बंद केला. देशपांडेसाहेब रोज त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतात. किल्ली माझ्याकडून नेतात आणि ‘कोणाला सांगू नका’ म्हणतात.

दूध तेवढं राहिलंय. दूधवाला रोज सकाळी बी विंगच्या दारात पिशवी ठेवतो, मी ती उचलून वॉचमनला देते. आज त्याने मला गाठलं आणि विचारलं, “ताई, सुर्व्यांचं दूध कधीपर्यंत बंद धरू?” मी म्हटलं, विचारून सांगते. काकूंना फोन करायचा आहे. मुद्दामच अजून केलेला नाही.